नेच्याचे बीजाणू वाळवून थंडीत कसे जपावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेचे (फर्न) बीजाणूंपासून वाढवणाऱ्यांचे प्रश्न वर्षानुवर्षे जवळपास तेच असतात. पाने पिकली की ‘गोळा कसे करू’, आणि वर्षभराने कपाटात विसरलेली पुडी सापडली की ‘हे आता उगवतील का’. त्या प्रश्नांची उत्तरे इथे एका जागी दिली आहेत. जुन्या पुस्तकांत बीजाणूलाच ‘बीजुक’ म्हटलेले आढळेल; इथे सगळीकडे ‘बीजाणू’ हाच शब्द वापरला आहे. वेळ कमी असेल तर प्रश्न ११ आधी वाचा. तुमचे बीजाणू हिरवे निघाले, तर बाकीच्या उत्तरांतले बरेच आकडे तुमच्या कामाचे नाहीत.

१. बीजाणू म्हणजे नेच्याचे बीच ना? मग बियांसारखे डब्यात ठेवले तर काय बिघडेल?

बी नव्हे. बीत तयार गर्भ असतो आणि त्याची शिदोरी असते. बीजाणू ही एकच पेशी असते, बहुतेक जातींत २० ते ६० मायक्रोमीटर व्यासाची. तिच्यातून थेट नेचा उगवत नाही. आधी नखाएवढा, बहुधा हृदयाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा तयार होतो, त्याला प्रोथॅलस म्हणतात. त्यावर नर आणि मादी पेशींचे मीलन होते आणि मग नेच्याचे रोप येते.

साठवणीच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे आकार. इतका बारीक कण हवेतली ओल झटपट घेतो आणि तितक्याच झटपट सोडतो. त्यामुळे बीजाणू वाळवायला सोपे, पण पुन्हा दमट व्हायलाही वेळ लागत नाही. साध्या डब्यात ठेवलेत तर त्यांचे आयुष्य डब्यातल्या हवेवर ठरते, आणि ती हवा तुम्ही झाकण उघडाल तेव्हा तेव्हा बदलते.

२. पानामागचे ठिपके पिकले आहेत हे कसे ओळखायचे?

ते ठिपके म्हणजे बीजाणुधानींचे, म्हणजे बीजाणू ज्यांत तयार होतात त्या बारीक पिशव्यांचे, पुंजके. कोवळे असताना ते हिरवट किंवा पांढुरके असतात, पिकत आले की तपकिरी, काळे किंवा काही जातींत पिवळे होतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. बीजाणुधान्या गुळगुळीत, चकचकीत, टपोऱ्या दिसल्या तर वेळ बरोबर आहे. त्या फाटलेल्या, गंजासारख्या केसाळ दिसल्या तर बीजाणू उडून गेले. उरला तो भुसा. पुंजक्यावर पातळ झाकण असेल तर ते कडेने उचलले जाणे ही चांगली खूण. हंसराजात पुंजके पानाच्या दुमडलेल्या कडेखाली लपलेले असतात, तिथे कड उलगडून पाहावे लागते.

एकाच पानावर सगळे पुंजके एकदम पिकत नाहीत. निम्मे पिकलेले दिसले की पान घ्या, सगळ्यांची वाट पाहत बसू नका.

३. पान तोडले. आता त्यातून बीजाणू कसे काढायचे?

काढायचे नाहीत, पडू द्यायचे. बीजाणुधानीभोवती जाड पेशींचे एक वलय असते. त्यातले पाणी आटले की वलय मागे ताणले जाते, बीजाणुधानी फाटते आणि वलय झटक्याने पूर्ववत होताना बीजाणू गोफणीतल्या दगडासारखे फेकले जातात. म्हणजे पान सुकणे हीच ती कळ आहे.

पान, किंवा त्याचा तुकडा, पुंजके खाली करून गुळगुळीत पांढऱ्या कागदावर ठेवा, वर दुसरा कागद ठेवा आणि चारही कडा दुमडून घ्या. कोरड्या खोलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, एक-दोन दिवस ठेवा. उघडाल तेव्हा कागदावर पानाच्या पुंजक्यांचा हुबेहूब नकाशा उमटलेला असतो. पान प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. ते सुकत नाही, बीजाणू सुटत नाहीत, आणि दोन दिवसांत बुरशी येते. एका वेळी एकाच जातीचे पान उघडा आणि मध्ये हात आणि टेबल पुसा. बीजाणू हवेत तरंगतात. पेरलेल्या ट्रेमध्ये भलत्याच जातीची रोपे येण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

४. कागदावरची सगळी पूड बीजाणूच असते का?

नाही, आणि नवख्यांची हमखास फसगत इथेच होते. बीजाणुधानींची फुटलेली टरफले, झाकणांचे पापुद्रे, पानावरचे खवले असा बराच कचरा त्यात असतो. कागद थोडा तिरका करून खालून हळूच टिचक्या मारा. कचरा भराभर घसरून पुढे जातो, बीजाणू कागदाला चिकटून मागे रेंगाळतात. दोन-तीनदा असे पाखडले की मागे मऊ, एकसारखी, पिठासारखी पूड उरते. हा कंटाळवाणा भाग टाळू नका: बुरशीचे कण प्रामुख्याने त्या टरफलांवरच बसलेले असतात.

५. किती वाळवायचे आणि कशात? उन्हात ठेवले तर लवकर होईल ना?

लवकर होईल, पण ऊन नको. उष्णता आणि ओल एकत्र आली की बीजाणू सगळ्यात वेगाने मरतात, आणि उन्हात ठेवलेल्या ओलसर पुडीत नेमके तेच घडते. ओव्हन, हेअर ड्रायर यांनाही तेच लागू.

आधी पुडी उघडी ठेवून सावलीत एक दिवस. नंतर कागदाची पुडी करून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, तळाशी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवून, चार ते सात दिवस. बरणी १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमानात असावी. बीजाणूंचे वजन नगण्य असल्याने दोन-तीन चमचे सिलिका जेल पुरते. पुडीचा कागदच बीजाणूंहून जास्त ओल धरून असतो. रंग बदलणारे जेल सोयीचे. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे, म्हणून नारंगी घ्यावे. ते हिरवट झाले की १०० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येते.

इतका आटापिटा कशासाठी? पेशीतले पाणी कमी होत गेले की आतला द्रव दाट, आणखी दाट होतो, आणि शेवटी काचेसारख्या अवस्थेत जातो. रेणूंना हलायला जागा राहत नाही, त्यामुळे पेशी जुनी करणाऱ्या रासायनिक क्रिया रखडतात. दुसरे म्हणजे गोठून बर्फ होण्याजोगे मोकळे पाणी उरत नाही. वाळवणे हे थंडीत ठेवण्याआधीचे काम आहे. हा क्रम उलटला तर काय होते ते प्रश्न ८ मध्ये.

६. सिलिका जेलमध्ये महिनाभर राहिले. अतिवाळून मेले असतील का?

बहुधा नाही. पण प्रश्न योग्य आहे. ताजे सिलिका जेल बंद बरणीतली सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांच्याही खाली नेते, आणि फार कोरड्या अवस्थेत काही बीजाणू उलट लवकर म्हातारे होतात. बीजबँकांत बी साधारण १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत वाळवतात. घरगुती कामासाठी १५ ते ३० टक्क्यांच्या मध्ये कुठेही असलात तरी ठीक. नेमकेपणा हवा असेल तर मॅग्नेशियम क्लोराइडचे संपृक्त द्रावण छोट्या उघड्या वाटीत बरणीत ठेवा. ते हवा ३३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे या पट्ट्याच्या किंचित वर, स्थिर धरते; तेवढे चालते. खाण्याच्या मिठाच्या द्रावणाने हे साधत नाही, ते ७५ टक्क्यांवर थांबते, आणि त्या दमट हवेत बीजाणू टिकत नाहीत. छोटा डिजिटल आर्द्रतामापक बरणीत टाकून ठेवला तर अंदाज करत बसावे लागत नाही.

७. पुडी कागदाची की प्लास्टिकची?

आत कागद, बाहेर काच. गुळगुळीत, न शोषणाऱ्या कागदाची घडीची पुडी करा. प्लास्टिकच्या पिशवीत स्थिर विजेमुळे बीजाणू भिंतीला चिकटतात आणि पेरताना निम्मे बाहेर येत नाहीत. शिवाय पातळ प्लास्टिकमधून ओल हळूहळू आत शिरतेच. पुडीच्या घडीचे कोपरे मात्र नीट बंद करा, बीजाणू कोपऱ्यातूनच गळतात.

८. साधा फ्रीज पुरेसा आहे की डीप फ्रीझर लागेल?

वर्ष-दोन वर्षांत पेरणार असाल तर ४ ते ५ अंशांचा साधा फ्रीज पुरतो, आणि बहुतेकांना मी तेवढेच सांगतो. त्याहून लांबच्या मुदतीसाठी उणे २० अंशांचा फ्रीझर वापरता येतो, पण दोन अटींवर.

पहिली अट, बीजाणू आधी नीट वाळलेले हवेत. ओलसर बीजाणू फ्रीझरमध्ये टाकले तर पेशीतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि त्याचे स्फटिक आतली पटले फाडतात. ‘थंडीत ठेवले तरी मेले’ अशी तक्रार येते तेव्हा मी आधी विचारतो की ठेवण्यापूर्वी किती दिवस वाळवले होते. उत्तर बहुधा ‘वाळलेलेच वाटले’ असे असते.

दुसरी अट, आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर असेल तर बरणी मागच्या भिंतीपासून दूर, जाड डब्यात ठेवा. त्या यंत्रात तापमान सारखे वर-खाली होत असते.

एक अपवादही आहे. नेच्यांच्या बीजाणूंत तेलाचा साठा असतो, आणि काही जातींत ते तेल उणे २० च्या आसपासच थिजू लागते. अशा जातींत फ्रीझर हा फ्रीजपेक्षा सरस ठरतोच असे नाही. आपली जात त्यातली आहे का याची खात्री नसेल तर साठा दोन भागांत विभागा, एक फ्रीजमध्ये, एक फ्रीझरमध्ये. संशोधन संस्था यावर उपाय म्हणून द्रव नायट्रोजन वापरतात. त्यात उणे १९६ अंशांना वाळलेले बीजाणू साठवतात. घरी हा प्रकार करू नये.

९. बरणी बाहेर काढून थोडे बीजाणू घेतले आणि परत ठेवली. चालते ना?

चालते, पण बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. किमान दोन तास थांबा, फ्रीझरमधली असेल तर रात्रभर. थंड पुडीवर खोलीतली हवा लागताच दव धरते, आणि आठवडाभराची वाळवण मिनिटभरात वाया जाते. हे मी स्वतः करून पाहिले आहे: पावसाळी दुपारी घाईत बरणी उघडली, पुड्यांचे कागद हातात लुळे पडले, ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून तशाच परत ठेवल्या. तीन महिन्यांनी अकरा पुड्यांपैकी चारांत राखाडी बुरशी होती.

त्यापेक्षा सुरुवातीलाच छोट्या छोट्या पुड्या करा. एका वेळी एक पुडी काढायची, ती परत ठेवायची नाही.

१०. नीट ठेवले तर किती वर्षे टिकतात?

जातीवर अवलंबून आहे, आणि फरक थोडाथोडका नाही. लॉइड आणि क्लेकोव्स्की या संशोधकांनी १९७० मध्ये वेगवेगळ्या जातींच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांत हिरव्या नसलेल्या बीजाणूंचे सरासरी आयुष्य १०४५ दिवस निघाले, म्हणजे तीन वर्षांना थोडे कमी. हिरव्या बीजाणूंचे निघाले ४८ दिवस. या सरासऱ्या आहेत. वाळवून थंडीत ठेवलेले तपकिरी बीजाणू याहून बरेच जास्त टिकू शकतात (प्रश्न १६ पाहा). मात्र ‘सगळे नेचे अमुक वर्षे टिकतात’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर त्यावर विसंबू नका.

११. माझे बीजाणू हिरवे आहेत. काय वेगळे करायचे?

वेगळे म्हणजे घाई. ऑस्मुंडा, इक्विसेटम, ऑनोक्लिया, मॅट्युसिया आणि हायमेनोफायलमच्या कुळातले पातळ पानांचे नेचे यांच्या बीजाणूंत आधीच हरितद्रव्य असते. ते सुप्तावस्थेत जातच नाहीत म्हटले तरी चालेल. ओल मिळताच एक ते तीन दिवसांत उगवतात, तर तपकिरी बीजाणूंना आठवडा किंवा त्याहून जास्त लागतो. त्या तयारीची किंमत म्हणजे आखूड आयुष्य. इक्विसेटमचे तर खोलीच्या तापमानाला दिवसांत मोजायचे.

म्हणून शक्य असेल तर त्याच आठवड्यात पेरा. साठवायचेच असतील तर सावलीत एक दिवस, सिलिका जेलवर एक-दोन दिवस, आणि लगेच थंडीत. एक गैरसमज इथेच दूर करतो: हिरवे बीजाणू वाळवले म्हणून मरतात असे नाही. ऑस्मुंडा आणि इक्विसेटमचे वाळवलेले बीजाणू द्रव नायट्रोजनमधून जिवंत बाहेर आल्याचे प्रयोग झाले आहेत. त्यांना वाळवणे सोसते, साध्या तापमानाला वाट पाहणे सोसत नाही.

आता ओळखण्याची अडचण. ताजी पूड गवती हिरवी दिसली तर प्रश्न नाही. पण काही जातींत हरितद्रव्य असूनही बाहेरची भिंत तपकिरी असते, त्यामुळे पूड पाहून फसायला होते. सूक्ष्मदर्शक असेल तर काचपट्टीवर थेंबभर पाण्यात बीजाणू हलकेच दाबून फोडा, आतला हिरवा ऐवज दिसतो. नसेल तर पेरून पाहा. तीन दिवसांत उगवले तर ते हिरव्या गटातले धरा.

मॅट्युसियाचा प्रकार गमतीचा आहे. त्याची बीजाणू देणारी तपकिरी, काठीसारखी पाने हिवाळाभर झाडावर उभी राहतात आणि हिवाळा सरता सरता बीजाणू सोडतात. आत ते हिरवे आणि जिवंत असतात. तिथे साठवणीचे काम झाडच करते. ती पाने पूड सुटण्याआधी कापून कागदात गुंडाळून थंडीत ठेवली तर बरेच काम वाचते.

१२. कोणी म्हणते बीजाणू ओले ठेवले तर जास्त टिकतात. मग वाळवायचे कशाला?

दोन्ही खरे आहे. १९९२ मध्ये लिंडसे, विल्यम्स आणि डायर यांनी ओल्या साठवणीची पद्धत मांडली: बीजाणू आगरवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर) पसरायचे आणि पूर्ण अंधारात ठेवायचे. तत्त्व सोपे आहे. बहुतेक नेच्यांच्या बीजाणूंना उगवायला उजेड लागतो. ओले पण अंधारातले बीजाणू उगवत नाहीत, आणि पेशी जागी असल्याने झालेली मोडतोड दुरुस्त करत राहते. जंगलातल्या मातीत बीजाणूंचे साठे टिकतात ते असेच.

मग सगळे हेच का करत नाहीत? कारण यात निर्जंतुक काम लागते, एक बुरशीचा कण आला तर अख्खी डबी जाते. तपासायला झाकण उघडून उजेड पडू दिलात तर तेवढ्यानेही उगवण सुरू होऊ शकते. काही जाती तर अंधारातही उगवतात. त्यात ओले बीजाणू फ्रीझरमध्ये ठेवता येत नाहीत. प्रयोगशाळा असेल त्यांनी जरूर करावे. स्वयंपाकघराच्या टेबलावर काम करणाऱ्याला मी वाळवणच सुचवीन. दोन्हींच्या मधली अवस्था मात्र, म्हणजे नुसते दमट बीजाणू, सगळ्यांत वाईट. ते ना नीट झोपलेले असतात, ना दुरुस्तीपुरते जागे.

१३. साठवण्याआधी ब्लीचने धुऊन घेऊ का?

नको. ओले झाले की पेशी जागी होते आणि पुन्हा वाळवताना नुकसान होते. निर्जंतुकीकरण पेरणीच्या दिवशी करा. साठवणीपूर्वीची स्वच्छता म्हणजे प्रश्न ४ मधले पाखडणे.

१४. साठवलेले बीजाणू जिवंत आहेत हे पेरण्याआधी कसे कळेल?

पेरूनच कळते, पण थोडे पेरून. साठवण्याच्या दिवशीच चिमूटभर पेरा आणि पहिली उगवण कितव्या दिवशी दिसली ते पुडीवर लिहा. दर वर्षी तशीच चिमूट, त्याच माध्यमावर, त्याच उजेडात पेरा. जुने होत चाललेले बीजाणू आधी उशिरा उगवू लागतात, संख्या नंतर घटते. दहाव्या दिवशी उगवणारे बीजाणू पंचविसाव्या दिवशी उगवले तर त्या वर्षीच सगळे पेरून टाका. सूक्ष्मदर्शक असेल तर आगरवर शंभरेक बीजाणू मोजून टक्केवारी काढता येते.

उगवले म्हणजे सुटलो असेही नाही. फार जुन्या बीजाणूंचे प्रोथॅलस वेडेवाकडे वाढतात आणि रोपापर्यंत पोचत नाहीत. तेव्हा चाचणी महिनाभर तरी चालू ठेवा.

१५. ताजे होते, नीट वाळवले, तरी एकही उगवला नाही. साठवण चुकली का?

नेहमीच नाही. झाड संकरित असेल तर त्याचे बीजाणू मुळातच वांझ असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते सुरकुतलेले, लहानमोठे, काळपट दिसतात. निरोगी बीजाणू एकाच आकाराचे आणि भरलेले असतात. बहुतेक नेच्यांत एका बीजाणुधानीत ६४ बीजाणू असतात. ३२ च सापडले तर मात्र लगेच निराश होऊ नका: मीलनाशिवाय रोप देणाऱ्या जातींत ती संख्या सामान्य आहे, आणि ते बीजाणू व्यवस्थित उगवतात. साठवलेल्या पुडीत फक्त भुसा होता हीही शक्यता पडताळा (प्रश्न ४).

१६. हर्बेरियममधल्या (वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) जुन्या नमुन्यावरून बीजाणू घेता येतील का?

येतील, संस्थेची परवानगी असेल तर. काही कोरड्या जागी वाढणाऱ्या जातींचे बीजाणू अशा नमुन्यांतून अनेक दशकांनंतरही उगवले आहेत. नमुना दाबताना गरम हवेने भाजला होता का, रसायनात बुडवला होता का, यावर बरेच ठरते. कीड मारण्यासाठी नमुने गोठवतात, त्याने वाळलेल्या बीजाणूंचे सहसा बिघडत नाही. हिरव्या गटातल्या जातींसाठी हा मार्ग सोडून द्या.

१७. पाण्यातल्या नेच्यांचे काय?

मार्सिलियाचे बीजाणू कठीण कवचाच्या बीजाणुफळात बंद असतात. ते फळ म्हणजे निसर्गाचीच हवाबंद बरणी: कोरडे ठेवा, फ्रीजचीही फारशी गरज नाही, दशकानुदशके टिकते. पेरताना कवचाला कानशीने खाच पाडा आणि पाण्यात टाका. सॅल्व्हिनिया आणि अझोलाला हा नियम लावू नका, त्यांची फळे इतकी चिवट नसतात. या तिघांतही नर आणि मादी बीजाणू वेगळे असतात, तेव्हा साठ्यात दोन्ही आहेत ना ते बघा.

१८. पुडीवर काय लिहावे?

जात, गोळा केल्याची तारीख, झाड कुठले, वाळवणीचे दिवस, थंडीत ठेवल्याची तारीख आणि पहिल्या चाचणीचा निकाल. पेन्सिलने लिहा. शाई ओलीने पसरते. झाड बागेतले असेल तर तसे लिहाच, कारण झालरीसारखी किंवा चट्ट्यापट्ट्यांची पाने असलेले शोभेचे प्रकार बीजाणूंतून आईसारखे येतीलच असे नाही.

१९. दुसऱ्या देशातल्या मित्राला पाकिटातून पाठवू का?

साइट्स या, धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात सायथिया वंशाचे वृक्षनेचे परिशिष्ट २ मध्ये आहेत, मात्र त्यांच्या नोंदीतून बीजाणू वगळलेले आहेत. म्हणून सगळे मोकळे असे समजू नका. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांचे जैवविविधतेचे आणि वनस्पती आयातीचे नियम वेगळे असतात, ते आधी पाहा. पाकिटात पुडीभोवती जाड पुठ्ठा घाला. हिरवे बीजाणू टपालाने पाठवणे म्हणजे त्यांचे अर्धे आयुष्य प्रवासात घालवणे.

२०. ही पूड नाकात गेली तर त्रास होतो का?

होऊ शकतो, दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना विशेष. पाखडताना मास्क लावा. ब्रॅकनसारख्या विषारी नेच्याच्या बाबतीत तर न चुकता.

२१. दोन दिवस वीज नव्हती, फ्रीज बंद पडला. सगळे टाकून द्यायचे?

नाही. बीजाणू वाळलेले आणि बरणी घट्ट बंद असेल तर खोलीच्या तापमानातल्या दोन दिवसांनी फारसे बिघडत नाही. वीज गेली म्हणून बरणी उघडून बघण्याचा मोह टाळा. वीज आल्यावर तशीच परत थंड होऊ द्या. नंतर कधीतरी उघडाल तेव्हा जेलचा रंग पाहा: नारंगी असेल तर काळजी नाही, हिरवट झाला असेल तर जेल बदला आणि त्या बरणीतली एक पुडी चाचणीला लावा. हिरव्या बीजाणूंची बरणी असेल तर वाट न पाहता त्याच आठवड्यात पेरा.